घड्याळाकडं, अंगठीकडं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी न बोलावता प्राचार्यांच्या बैठकीत जाऊन बसले, ते आमच्या सरांमुळे. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून मला घेतलं होतं. फोनवर त्यांनी खोलीचा पत्ता सांगितला होता, "जिना चढलात की डाव्या हाताचं पयलं दार. ठोठावू नका. थेट आत या, मालक."

मी रेणापूरहून पहिल्या एसटीनं आलेली. ओढणी सावरत जिना चढले, डाव्या हाताचं पहिलं दार ढकललं आणि थेट आत गेले. लांब टेबलाभोवती चष्मेवाली गंभीर माणसं बसली होती. एक खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, आपल्यासाठीच ठेवलीय. बसले. चहा आला, तोही घेतला. परीक्षेतल्या कॉप्यांवर बराच वेळ चर्चा झाल्यावर प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या विभागाचं यावर काय म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "सर, मी आजच आलेय."

बाहेर काढली गेले तेव्हा समोरच्या, म्हणजे उजव्या हाताच्या दारात एक गृहस्थ उभे होते. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, शर्टाच्या खिशाला चार पेनं, आणि हातात हातभर लांब पडवळ.

"कुठं गेलता मालक? मी तर कवाची वाट बघून राहिलो."

"सर, तुम्ही डाव्या हाताचं दार म्हणाला होता."

त्यांनी पडवळ काखेत धरलं आणि स्वतःचे दोन्ही हात आळीपाळीनं नीट बघितले. मग शांतपणे म्हणाले, "म्हणलो आसंन. माझ्या डाव्या-उजव्यावर जाऊ नका. मला ते कळत न्हाई. हे घड्याळ, ही अंगठी. तुमचं दार अंगठीकडलं होतं."

सर वयानं पन्नाशी ओलांडलेले, मेकॅनिकलचे प्राध्यापक, उदगीरच्या धान्यवाल्या घराण्यातले. बोलताना समोरच्या प्रत्येकाला ते 'मालक' म्हणत. मलाही, शिपायालाही, आणि कँटीनमध्ये शिरलेल्या मांजरालाही. या माणसाला लहानपणापासून डावं आणि उजवं वेगळं कळलं नव्हतं. विचार करून सांगितलं तर नक्की चुकत, आणि विचार न करता सांगितलं तर कधी चुकत, कधी नाही. डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या बोटात सासुरवाडीची अंगठी, एवढ्या दोन खुणांवर त्यांचा सगळा संसार चालला होता. त्यांच्या लग्नाच्या फोटोत काकू चुकीच्या बाजूला बसलेल्या आहेत आणि मागे उभे असलेले, लग्न लावणारे स्वामी सरांचा खांदा धरून त्यांना फिरवतायत. काकू तो फोटो दिवाणखान्यात लावू देत नसत.

आता या माणसाच्या कामाचं सांगते. माणसाच्या शरीरात घालायची, बाहेरून हवी तशी वळवता येणारी नळी बनवणं, हे त्यांचं काम होतं.

नळी म्हणजे पेनातल्या रिफिलएवढी जाड आणि भरपूर लांब. डॉक्टर ती मांडीतून किंवा मनगटातून रक्तवाहिनीत घालतात आणि ढकलत ढकलत हृदयापर्यंत नेतात. वाटेत फाटे असतात. साधी नळी सरळ रस्ता धरते, फाट्यात शिरायचं म्हटलं की रुसते. सरांच्या नळीच्या भिंतीतून केसासारख्या दोन तारा टोकापर्यंत गेल्या होत्या. बाहेर हातात मूठ, मुठीवर एक चाक. चाक एका अंगाला फिरवलं की एक तार ओढली जाई आणि आत टोक त्या अंगाला मान वळवी. दुसऱ्या अंगाला फिरवलं की दुसऱ्या बाजूला.

सर हे सगळ्यांना स्कूटरवरून समजावून सांगत. त्यांना स्कूटर येत होती, पण चौक आला की प्रश्न उभा राही. म्हणून मागं बसलेल्या काकू त्यांचा शर्ट दोन्ही बाजूंनी धरून ठेवत आणि ज्या अंगाला वळायचं त्या अंगाचा शर्ट ओढत. "माझ्या शर्टाला दोन तारा हायेत," सर अभिमानानं सांगत, "दोन्ही हिच्या हातात." वजिराबादच्या गर्दीत काकूंनी एकदा शिंक आली म्हणून शर्ट सोडला, तेव्हा सर सरळ जात जात एका बेकरीच्या पायरीला लागले होते.

नळीची परीक्षा घ्यायला हृदय लागतं. इतर ठिकाणी खाटकाकडून बकऱ्याचं आणतात. सरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कांदा-लसूणसुद्धा जपून खाल्लेला. त्यांना बकऱ्याच्या हृदयाचं नाव काढलं तरी घाम फुटे. त्यांनी शोधून काढलं की ढोबळी मिरचीला आत कप्पे असतात. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत ढोबळी मिरची म्हणजे हृदय, पडवळ म्हणजे मुख्य रक्तवाहिनी आणि शेवग्याची शेंग म्हणजे म्हाताऱ्या माणसाची कडक झालेली रक्तवाहिनी. मी रोज सकाळी बाजारातून चार हृदयं घेऊन यायची. भाजीवाल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "एवढी मिरची खाऊन पोट बिघडत न्हाई का गं बाई?"

टोक मऊ आहे की नाही हे बघायची तऱ्हा त्याहून वेगळी. त्यासाठी मला सरांच्या घरी जावं लागे. काकूंनी तापवून निववलेलं दूध ओट्यावर असे. सर नळीचं टोक सायीवर टेकवत आणि चाक फिरवत. साय नुसती दबली तर नळी पास. साय फाटली तर नापास. नापास झाली की सर म्हणत, "मेला पेशंट," आणि पुढचं पातेलं ओढत.

"ह्या घरात मी अख्खी साय बघून जमाना झाला," काकू माझ्याकडे तक्रार करत. "तूप कशाचं कढवू, सांग बरं तूच."

"माणसाच्या जिवाचा सवाल हाय," सर म्हणत.

"मग माणसाच्या जिवावर जाऊन बघा ना. माझ्या दुधावर कामून?"

सुरुवातीच्या नळ्यांना एक खोड होती. मूठ फिरवली की टोक वळायचंच नाही. आणखी फिरवली, तरी नाही. आणखी थोडी, आणि एकदम सपकन फटका मारल्यासारखं टोक फिरायचं, मिरचीचं हृदय आरपार. सर या खोडीला 'म्हैस' म्हणत. ढोसत राहा, ढोसत राहा, हलत नाही, आणि मग एकदम सुटते. अहवालात इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा मी दुसरा शब्द सुचवला. सरांना तो पटला नाही. 'बफेलो इफेक्ट' असंच गेलं. बाहेरगावच्या एका तज्ज्ञांनी अहवाल वाचून कळवलं की काम चांगलं आहे, मात्र डॉ. बफेलो यांच्या मूळ संशोधनाचा संदर्भ जोडावा. सर दोन दिवस त्या कागदाला हात लावत नव्हते, हसू आवरत नव्हतं म्हणून. पुढं नळीच्या भिंतीत बारीक तारांची वेणी घातली, तेव्हा म्हैस शांत झाली.

हे सगळं ते कशासाठी करत होते, हे मला अक्कांची गोष्ट ऐकल्यावर कळलं.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. उदगीरला राहायच्या. आई लवकर गेल्यामुळे सरांना त्यांनीच वाढवलेलं. काही वर्षांपूर्वी अक्कांच्या छातीत दुखायला लागलं. मोठ्या शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, पायातून नळी घालू, उद्या चालत घरी. सर बाहेर बाकावर बसले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, फाटा फार उलटा आहे, नळी वळत नाहीये, छाती उघडावी लागेल.

"मी मेकॅनिकलचा मास्तर," सर मला सांगत होते, मिरची कापता कापता. "आयुष्यभर पोरांना शिकवलं, काय केल्यावर काय वाकतं. आणि तिथं बाकावर बसून ऐकून राहिलो की एक नळी वळत न्हाई. मला ते लई लागलं मालक."

अक्का त्यातून उठल्या. छातीवरचा लांब व्रण घेऊन उठल्या, आणि आधीपेक्षा जास्त कडक होऊन उठल्या. भावाच्या कामाबद्दल त्यांचं मत एकच होतं. फोन आला की स्पीकरशिवायही ते खोलीभर ऐकू येई. "अजून तीच तार वाकवून राहिलास? शेजारच्यांचा पोरगा तीन महिन्यांत डॉक्टर झाला!" तो पोरगा नक्की कसला डॉक्टर झाला होता हे सरांनी कधी विचारलं नाही. ते फक्त म्हणत, "वळंल अक्का. वळंल."

माझ्या दुसऱ्या वर्षी नळी खरंच वळायला लागली. पण मुठीवरून आमचं भांडण झालं. चाकाच्या दोन बाजूंना सरांनी अक्षरं कोरली होती. एकीकडे 'घ', दुसरीकडे 'अं'.

"सर, हे काय?"

"घड्याळ. अंगठी."

"डॉक्टरांना डावं-उजवं कळतं, सर."

"कोणाचं डावं? डॉक्टर उभा हाय तसं, पेशंट निजलाय तसं, का पडद्यावर दिसतंय तसं?" त्यांनी बोट वर केलं. "तिन्हीचं डावं येगळं. घड्याळ मात्र एकच."

त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांच्या उत्तरात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते हाताला लागेना. अक्षरं तशीच राहिली.

याच सुमारास उंदीर आले. रोजची भाजी, ढोबळीच्या बिया, उरलेलं पडवळ, कुठवर लपणार? ते आमच्याकडून शेजारच्या परीक्षा विभागात गेले आणि तिथं त्यांनी उत्तरपत्रिका कुरतडल्या. प्राचार्य स्वतः आले. त्यांनी कपाटातलं पडवळ बघितलं, मला बघितलं. पहिल्या दिवशीची ओळख त्यांना बहुधा पटली. म्हणाले, "एक तर खऱ्या डॉक्टरनं मला सांगावं की या वस्तूचा माणसाला काही उपयोग आहे. नाही तर सोमवारी ही खोली रिकामी करा. कॉम्प्युटर लावायचेत इथं."

खोली गेली की काम गेलं, आणि काम गेलं की माझी नोकरीही. घरी बाबा बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणूनच बसले होते. पण मला माझ्यापेक्षा सरांची काळजी वाटली. प्राचार्य गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि एक नळी उगीच हातात घेऊन वळवत राहिले. घ, अं, घ, अं.

लातूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञ बाई अक्कांना तपासत असत. अक्कांनीच त्यांना गळ घातली असणार, कारण शनिवारी दुपारी या, अर्धा तास देते, असा निरोप आला. अक्काही तपासणीला त्याच दिवशी लातूरला येणार होत्या. "गोलाईत भाच्याच्या कापडाच्या दुकानासमोर उभी राहते," त्या फोनवर म्हणाल्या, "मला घेऊन जा. तुम्हाला दवाखाना सापडायचा न्हाई."

काकूंना नेमकं बहिणीकडे जावळाला जायचं होतं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "शर्ट ओढायला मी न्हाई. तोंडानं सांगत राहा. आणि चौक आला की आधीपासून सांग."

सरांची जुनी चारचाकी. मागच्या सीटवर पारदर्शक सिलिकॉनच्या रक्तवाहिन्यांचं मॉडेल. या परीक्षेला मिरची नको, एवढं मी सरांना पटवलं होतं. मी शेजारी बसून सगळा रस्ता ओरडत होते, "घड्याळाकडं सर! आता अंगठीकडं! न्हाई न्हाई, सरळ!" लातूरपर्यंत आम्ही बरे पोचलो. मग गोलाई आली.

ज्यांनी लातूरची गंजगोलाई बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, आणि त्या गोलातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. सर ती बघून हरखले. "मालक, हे तर काळीज हाय! बघा कसे फाटे फुटलेत!" गोलात शिरलं की गाडी एकाच अंगानं फिरते आणि बाहेर पडायला डावीकडेच वळावं लागतं. चूक करायला जागाच नाही. तरी सरांनी ती शोधली. मी "घड्याळाकडं" म्हटलं की ते खात्री करायला मनगटाकडे बघत, आणि घड्याळ बघेपर्यंत रस्ता मागं गेलेला असे.

पहिल्या फेरीत मला अक्का दिसल्या. इरकली लुगडं, हातात छत्री, पायाशी मोठं गाठोडं. मी हात केला. गाडी पुढं गेली.

"अक्का गेल्या," सर हळहळले.

"अक्का नाही गेल्या सर, आपण गेलो."

दुसऱ्या फेरीत अक्कांनी छत्री हलवली. तिसऱ्या फेरीला भाचाही दुकानाबाहेर आला होता आणि त्याच्यामागून गिऱ्हाइकं. त्यानंतरच्या फेरीत अक्का गाठोडं उचलून सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि छत्री आडवी धरली. आम्ही थांबलो, मागची ऑटो थांबली, पेरूचा गाडा थांबला.

"अय्यो शिवा!" अक्का खिडकीत वाकून म्हणाल्या. "माझ्या नावानं देवीला प्रदक्षिणा घालून राहिलास का रे? मी जित्ती हाय अजून!"

त्यांनी मला मागं बसवलं आणि स्वतः पुढं बसल्या. घड्याळ-अंगठीच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. जिकडे वळायचं तिकडचा सरांचा कान धरला. पाच मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो.

डॉक्टरबाई चटपटीत होत्या. कपाळावर आठ्या, बोलणं तोडून. अक्कांनी "शरणू शरणार्थी" म्हणून हात जोडले आणि गाठोडं पुढं केलं. आत बाईंसाठी उदगीरची हरभऱ्याची डाळ होती. बाईंनी ती कोपऱ्यात ठेवायला सांगितली आणि घड्याळात बघितलं. "चला, दाखवा."

आम्ही टेबलावर मॉडेल मांडलं, पाणी खेळतं केलं, कॅमेरा लावला. पडद्यावर नळीचं टोक दिसायला लागलं. बाईंनी मूठ हातात घेतली आणि मला बघताच कळलं की या हातांना सवय आहे. नळी सरसर पुढं गेली. उलटा फाटा आला. अगदी अक्कांना होता तसा. सरांनी तो मुद्दाम तसाच ओतून घेतला होता.

"आता घड्याळाकडं मॅडम!" सर ओरडले.

बाईंनी पडद्यावरची नजर न काढता चाक फिरवलं. टोक फाट्याकडे पाठ करून भिंतीला जाऊन टेकलं.

"घड्याळाकडं! घड्याळाकडं!"

बाईंनी आणखी फिरवलं. टोक भिंतीत रुतायला लागलं. "उलटं जातंय हे तुमचं," त्या म्हणाल्या.

सर पडद्याकडे बघत राहिले, मग मुठीकडे, मग बाईंच्या हाताकडे. त्यांचा चेहरा पडला. "मॅडम," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "तुमचं घड्याळ चुकीच्या हातात हाय."

खरंच, बाईंचं घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

"माझं घड्याळ मला पाहिजे त्या हातात असतं," बाई म्हणाल्या. "आणि ही 'घ', 'अं' काय भानगड आहे?"

सरांनी सांगितलं. सगळं सांगितलं, तीन डावी कशी असतात तेही. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या हसू लागल्या. आधी थोडं, मग टेबलाला धरून.

"अहो सर, हात धुऊन पेशंटपाशी उभं राहताना आम्ही घड्याळही काढून ठेवतो आणि अंगठीही. दोन्ही. नियमच आहे."

मी सरांकडे बघितलं नाही. एवढ्या वर्षांत, एवढ्या मिरच्यांत, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"टोक छान वळतं," बाई हसू पुसत म्हणाल्या. "खरंच छान. एवढं मऊ मी बघितलं नव्हतं. पण मूठ अशी असेल तर मी काय सांगणार तुमच्या प्राचार्यांना? आमचे डोळे पडद्यावर असतात. हातात मोजे असतात. मुठीवरची अक्षरं वाचायला वेळ कुणाला आहे? दुरुस्त करून पुन्हा या महिन्याभरानं."

"सोमवारी खोली जाणार हाय," सर म्हणाले. एवढंच म्हणाले.

बाईंच्या आठ्या जरा सैल झाल्या. "मी अक्कांना तपासते. वीस मिनिटं. तोवर काही जमलं तर बघा."

त्या दोघी आत गेल्या. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही टेबलावर ठेवलं. मग डोळे मिटून मूठ हातात घेतली आणि चाक चाचपायला लागले. या अंगाला गुळगुळीत, त्या अंगाला गुळगुळीत. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं रडतायत. मी पाणी आणायला उठले.

"बसा मालक," ते डोळे न उघडता म्हणाले. "दोन्ही अंगं सारखीच लागतात हाताला. एक अंग खडबडीत पायजे. काय हाय खडबडीत इथं?"

आम्ही खोलीभर शोधलं. कापूस, कागद, चिकटपट्टी, सगळं मऊ. शेवटी सरांची नजर कोपऱ्यात गेली आणि ते गाठोड्यावर वाकले. माझ्या पर्समध्ये चपलेचा पट्टा चिकटवायची ट्यूब होती. 'घ'च्या बाजूला मी थेंब टाकत गेले आणि सर त्यावर हरभऱ्याची एकेक डाळ, पाठ वर करून, बसवत गेले. शेवटची डाळ बसवून ते चाकावर फुंकर मारत होते तेवढ्यात दार उघडलं.

बाईंनी मूठ बघितली. "ही माझी डाळ आहे का?"

"हाव मॅडम. डाळीकडं फिरवलं की टोक डाळीकडं. गुळगुळीतकडं फिरवलं की तिकडं. घड्याळ न्हाई, अंगठी न्हाई, काही वाचायचं न्हाई. बघू नका, नुसतं हातानं."

बाईंनी मोजे चढवले. मूठ घेतली. नळी पुढं गेली, उलट्या फाट्यापाशी थांबली. बाईंचा अंगठा चाकावर फिरला, डाळीला लागला, जरा थांबला. टोकानं मान वळवली. तितकीच, जितकी हवी होती तितकीच. आणि नळी फाट्यात शिरली.

बाईंनी नळी बाहेर काढली आणि पुन्हा घातली. मग डोळे मिटून एकदा टोक इकडे-तिकडे केलं, उघडून पडद्यावर बघितलं. मोजे काढता काढता म्हणाल्या, "प्राचार्यांचा नंबर द्या. आणि हे बघा, माझ्या पेशंटच्या आसपास ही डाळ आणायची नाही. तिथं चाकातच पक्के उंचवटे करा."

अक्का मागं उभ्या राहून सगळं बघत होत्या. "मग आता ही माझ्यात घालून बघा की," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुमचं हृदय ठणठणीत आहे. काही गरज नाही."

अक्कांना ते अपमानास्पद वाटलं. "माझ्या भावानं केलेली हाय," त्या म्हणाल्या, "आणि मलाच न्हाई?" परत येताना गाडीत त्या सरांशी बोलल्या नाहीत. पण उदगीरच्या बसमध्ये चढण्याआधी त्यांनी पदरानं सरांच्या शर्टावर सांडलेला चिकटा पुसला, निघेना तरी पुसत राहिल्या, आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस रे." सर स्टँडवर बराच वेळ उभे होते. बस अंगठीकडल्या फाटकातून गेली, हे घड्याळाकडल्या फाटकाला हात हलवत होते.

खोली राहिली. मुठीवर आता पक्के उंचवटे आले. एका कंपनीनं पुढच्या चाचण्या हाती घेतल्या. अशा गोष्टी माणसापर्यंत पोचायला फार वेळ जातो. अजून चाचण्या चालू आहेत. मीही आता हैदराबादला याच कामात आहे. तिथं चाचण्या सिलिकॉनवर होतात आणि माझ्या घरची साय शाबूत असते.

पण मी नांदेडला असतानाच एक गोष्ट झाली. अक्का उदगीरला परत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावाचं कौतुक करायला सुरुवात केली. मोंढ्याच्या धान्यबाजारात, लग्नात, मठात. फक्त लातूरला त्यांनी जे बघितलं होतं त्यातली डाळच त्यांच्या चांगली लक्षात राहिली होती. सरांना फोन यायला लागले. "प्रोफेसरसाहेब, तुम्ही डाळीची मशीन काढली म्हणं?" मी सरांना म्हणाले, अक्कांना एकदा समजावून सांगा. सर म्हणाले, "राहू द्या मालक. पयल्यांदा खूश झालीय."

मग एक दिवस उदगीरहून एक वयस्कर शेटजी थेट खोलीत आले. टोपी, पांढरं धोतर, कपाळावर सरांसारखंच भस्म. सरांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि पाऊण तास नळी दाखवली. रक्तवाहिनी म्हणजे काय, फाटा म्हणजे काय, सगळं. शेवटी मूठच त्यांच्या हातात दिली. शेटजींनी चाक फिरवलं, पडद्यावर टोक वळलं. त्यांनी दुसरीकडे फिरवलं, ते दुसरीकडे वळलं. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. बराच वेळ ते नुसतं वळवत बसले.

मग मूठ टेबलावर ठेवून त्यांनी मशीनच्या खाली वाकून बघितलं, मागं जाऊन बघितलं.

"लई झकास हाय," ते म्हणाले. "पण डाळ कुठून पडती?"

सर माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "शेटजी, ह्यातून डाळ न्हाई पडत. ह्यानं माणसाची छाती न कापता काळजापर्यंत जाता येतं."

शेटजींनी मान डोलावली. विचार केला. चहाचा शेवटचा घोट घेतला.

"ते बराबर हाय," ते सरांची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाले. "हळूहळू डाळ बी पडंल."